किल्ली देण्यापूर्वी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दहावीचा निकाल लागला की आपल्या जळगावात दोन ठिकाणी गर्दी होते. एक, कॉलेजच्या प्रवेशासाठी. आणि दुसरी, दुचाकीच्या शोरूममध्ये. मुलगी चांगल्या टक्क्यांनी पास झालेली असते. अकरावीला सायन्स घेतलेले असते. क्लास घरापासून चार-पाच किलोमीटरवर, तोही सकाळी साडेसहाचा. वडील दुकानात किंवा शेतावर. आईला गाडी येत नाही. मग घरात नवी स्कूटर येते. हार घातला जातो, नारळ फुटतो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. आणि हे सगळे झाल्यावर आठ-दहा दिवसांनी मायलेकी माझ्या टेबलासमोर येऊन बसायच्या.

‘‘सर, गाडी तर घेतली. आता तेवढं लायसन्स काढून द्या.’’

मी विचारायचो, ‘‘ताई, मुलीचं वय किती?’’

‘‘सोळा पूर्ण झालं की. बिनगियरच्या गाडीला सोळाला मिळतं ना?’’

जवळजवळ तीस वर्षे मी लोकांना गाडी शिकवली. आता ते काम सोडले आहे. पण या एका प्रश्नाचे उत्तर मी जितक्या वेळा दिले, तितक्या वेळा ‘क्लच हळू सोडा’ हेसुद्धा सांगितले नसेल. आज तेच उत्तर जरा सविस्तर देतो.

आपल्याकडे जो मोटार वाहन कायदा आहे तो १९८८ चा. १ जुलै १९८९ पासून तो लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमात वयाची अट आहे. सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवायला १८ वर्षे पूर्ण पाहिजेत. ट्रक, बस, टॅक्सी अशा वाहतुकीच्या वाहनासाठी २०. आणि १६ वर्षांची जी सवलत आहे, ती ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी. हा ‘५० सीसी’ शब्द लोकांच्या लक्षात राहत नाही. ‘बिनगियरची’ एवढाच राहतो.

कायदा झाला त्या काळी ही सवलत समजण्यासारखी होती. १९७२ मध्ये बाजारात आलेली लुना आणि तिच्यासारख्या मोपेड तेव्हा रस्त्यावर भरपूर होत्या. चढ आला की पायंडल मारून इंजिनाला हात द्यावा लागे. आज शोरूममध्ये उभी असलेली साधी स्कूटर ११० नाही तर १२५ सीसीची असते. गियर नाही म्हणून ती लुना होत नाही. मूठ पिळली की काही सेकंदांत ती साठच्या वेगाला जाते. सोळाव्या वर्षी पालकांच्या लेखी संमतीने जे लायसन्स मिळते, ते ५० सीसीच्या गाडीचे. ते खिशात ठेवून ११० सीसीची गाडी चालवणे म्हणजे कायद्याच्या नजरेत विनालायसन्सच.

बॅटरीच्या गाडीबद्दलही असाच गैरसमज आहे. मोटर २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, अशी नियमात बसणारी गाडी असेल तरच लायसन्स लागत नाही. त्याच्या वरची गाडी बॅटरीवर चालते म्हणून सुटत नाही. तिला नोंदणी, विमा आणि लायसन्स, तिन्ही लागतात.

हे सांगितले की समोरची ताई थोडी नाराज होई. ‘‘मग दोन वर्षं गाडी काय शोभेला ठेवायची?’’ मी म्हणायचो, ‘‘ताई, गाडी घेतलीत ते उत्तम. आता तुम्ही शिका. मुलीला क्लासला तुम्ही सोडा. दोन वर्षांनी तिला शिकवायला घरातच मास्तरीण असेल.’’ काही जणी हसून निघून जायच्या. पण काही जणी खरोखर शिकल्या. एक शिक्षिका बावन्नाव्या वर्षी स्कूटर शिकल्या आणि दुसऱ्या वर्षी मोटारही. चाळिशीच्या पुढे लायसन्स काढताना डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते, एवढाच काय तो फरक. शिकायला वरच्या वयाची अट नाही.

आता शिकाऊ लायसन्स, म्हणजे ज्याला आपण ‘लर्निंग’ म्हणतो, त्याकडे येऊ.

लर्निंग काढण्यासाठी वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. आपल्या तब्येतीबद्दल एक फॉर्म स्वतः भरून द्यावा लागतो. त्यात एक साधा प्रश्न आहे. चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर चष्मा लावून, २५ मीटरवरच्या मोटारीची नंबरप्लेट तुम्हाला वाचता येते का? लोक डोळे झाकून ‘होय’ लिहितात. आज घरी गेलात की गल्लीत २५ मीटर मोजा आणि खरेच बघा. माझ्याकडे आलेल्या कितीतरी लोकांना आपल्याला चष्मा लागला आहे हे याच प्रश्नामुळे कळले.

त्यानंतर प्राथमिक चाचणी. रस्त्यावरची चिन्हे, वाहतुकीचे नियम, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, फाटक नसलेले रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी, गाडीत बाळगायची कागदपत्रे, यांवर प्रश्न असतात. ६० टक्के उत्तरे बरोबर आली की पास. पूर्वी त्यासाठी धुळ्याला किंवा जळगावला आरटीओच्या कार्यालयात यावे लागे. रावेर-मुक्ताईनगरच्या किंवा साक्री-शिरपूरच्या माणसाचा अख्खा दिवस जाई. जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या आधारे ही परीक्षा घरबसल्या देता येते. सोय झाली हे खरेच. पण मी असेही पाहिले आहे की परीक्षा मुलाची आणि उत्तरे देतो त्याचा मावसभाऊ. मुलगा शेजारी बसून दुसऱ्याच मोबाइलवर क्रिकेट बघतोय! श्रोतेहो, गणिताच्या पेपरात कॉपी केली तर नुकसान आपल्यापुरते. इथे तसे नाही. गोल पाटी म्हणजे हुकूम, तो पाळायचाच. त्रिकोणी पाटी म्हणजे पुढे धोका, सावध व्हा. चौकोनी पाटी म्हणजे माहिती. एवढे शिकायला एक संध्याकाळ पुरते. ती संध्याकाळ वाचवून आपण काय कमावतो?

लर्निंग सहा महिने चालते आणि ते सगळ्या भारतात चालते. ‘‘जळगावचं लर्निंग धुळ्यात चालतं का?’’ असे विचारणारे पुष्कळ भेटले. चालते. मात्र तीन अटींवर, आणि या तीन अटी पाळणारा माणूस मला क्वचित भेटला.

पहिली अट, लर्निंगचा कागद जवळ पाहिजे. दुसरी, गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल रंगात इंग्रजी ‘एल’ अक्षराची पाटी पाहिजे. तिचे मापही ठरलेले आहे. पाटी १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर १० सेंटिमीटर उंच. लोकांना ही पाटी लावायची लाज वाटते. ‘‘सर, पोरं हसतात.’’ हसू द्या. ती पाटी मागच्या ट्रकवाल्याला सांगत असते की, बाबा रे, हा नवा आहे, मध्येच बंद पडेल, हॉर्न वाजवून त्याला घाबरवू नकोस. बाळाच्या झोळीला आपण हात लावून ठेवतो, तशी ती पाटी आहे.

तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. शिकणाऱ्याच्या शेजारी त्या प्रकारच्या गाडीचे पक्के लायसन्स असलेला माणूस बसलेला पाहिजे आणि तोही गाडी आवरता येईल, थांबवता येईल अशा ठिकाणी. मागच्या सीटवर मोबाइल बघत बसलेला काका चालत नाही. दुचाकीवर शिकवणारा मागे बसेल, पण त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला बसवता येत नाही. म्हणजे लर्निंगवर मैत्रिणीला डबलसीट घेऊन कॉलेजला जाणे हा नियमभंग आहे. लायसन्स नसलेल्या आईला मागे बसवून देवळात नेणे हाही नियमभंग आहे.

पक्क्या लायसन्सची चाचणी लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत देता येत नाही. हे तीस दिवस सरकारने कशाला ठेवले? बहुतेकांना वाटते, कागद फिरायला वेळ लागतो म्हणून. ते दिवस शिकण्यासाठी आहेत. ड्रायव्हिंग स्कूलसाठी खासगी मोटारीच्या प्रशिक्षणाचा किमान काळ नियमात २१ दिवसांचा आहे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास. म्हणूनच आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा क्लच आणि ब्रेक असतो. घरच्या गाडीत तो नसतो. घरी शिकवणाऱ्याचा एक हात हँडब्रेकवर असला पाहिजे, एवढे तरी लक्षात ठेवा.

आणि शिकायचे कुठे? आपल्या भागात मे महिन्यात सुटी असते, ऊन ४५ अंशांना टेकते. म्हणून पहाटे मोकळे मैदान गाठायचे, हे ठीकच. पण मैदानावर इंग्रजी आठचा आकडा काढता आला म्हणजे रस्ता आला, असे नाही. जळगाव शहराच्या मधून पूर्वीचा सहा क्रमांकाचा, आताचा ५३ क्रमांकाचा महामार्ग जातो. ज्या आकाशवाणी चौकाला आकाशवाणीचे नाव आहे, तिथे दहा मिनिटे उभे राहा. सुरतहून नागपूरकडे निघालेला कंटेनर, शाळेची रिक्षा, सायकलवरचा दूधवाला आणि पहिल्यांदाच स्कूटर घेऊन निघालेली मुलगी, सगळे एका वेळी त्या चौकात येतात. धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गाची आणि सुरत-नागपूर रस्त्याची गाठ पडते. तिथेही तेच. हिवाळ्यात संध्याकाळी कापसाच्या गाड्या, रावेर-सावद्याकडून केळी घेऊन निघालेले ट्रक, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली. हे सगळे शिकणाऱ्याने एकदा तरी शिकवणाऱ्याच्या शेजारी बसून पाहिले पाहिजे. आधी मैदान, मग कॉलनीतला रस्ता, मग शहर, मग महामार्ग आणि शेवटी रात्र. ही पायरी चुकवू नये.

चाचणीत चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुढे काढायला लावतात, रिव्हर्स घ्यायला लावतात, आरशात बघता का, इशारा देता का, हे पाहतात. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र साठ दिवस थांबावे लागते. नापास होण्यात कमीपणा नाही. माझ्याकडचे काही उत्तम चालक पहिल्यांदा नापास झालेले होते.

पारोळ्याकडचे एक शेतकरीदादा मुलाला घेऊन आले होते. मला म्हणाले, ‘‘मन्हा आंडोरले सम्दं येस, भाऊ.’’ माझ्या पोराला सगळे येते. आणि ते खरेच होते. मुलगा लहानपणापासून शेतात ट्रॅक्टर चालवत होता. स्टिअरिंगवरचा हात माझ्यापेक्षा सफाईचा. मी त्याला एकच विचारले, ‘‘चौकात दोन्ही बाजूंनी गाड्या आल्या तर आधी कोण जाणार?’’ तो म्हणाला, ‘‘जो मोठा तो.’’ दादा हसले. मी हसलो नाही. शेतात समोरून कोणी येत नाही. गाडी हाकता येणे आणि रस्त्यावर वागता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्स दुसऱ्या गोष्टीचे असते. त्या मुलाने महिनाभर मन लावून शिकून घेतले, हे त्याचे मोठेपण.

श्रोतेहो, इथपर्यंत मी मास्तर म्हणून बोललो. आता एक गोष्ट मामा म्हणून सांगतो.

१९९८ ची दिवाळी. भाऊबिजेला मी जळगावहून स्कूटरने धुळ्याला बहिणीकडे गेलो. ओवाळणी झाली, जेवणे झाली. भाचा पंधरा वर्षांचा. उंचापुरा. दुपारी मी जरा आडवा झालो होतो. तो आला आणि म्हणाला, ‘‘मामा, एक चक्कर मारून येतो ना.’’ त्याला थोडीफार गाडी मीच शिकवली होती, मैदानावर. मला कौतुक होते. बहीण स्वयंपाकघरातून म्हणालीसुद्धा, ‘‘दादा, नको देऊस रे, सणाची गर्दी आहे.’’ मी म्हटले, ‘‘अगं, गल्लीतल्या गल्लीत जाईल.’’ आणि उशाखालची किल्ली काढून दिली.

तो गल्लीत राहिला नाही. पंधरा वर्षांचे कोणते पोर राहील? मोठ्या रस्त्यावर एक आजोबा नातवासाठी फटाक्यांची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होते. भाच्याला ब्रेक आठवला, पण उशिरा. आजोबांचा खुबा मोडला. जीव वाचला. पण त्यानंतर ते काठीशिवाय चालू शकले नाहीत आणि थोड्याच दिवसांत घराबाहेर पडायचेच बंद झाले.

पुढे दाव्याचा निकाल लागला. विमा होता, पण चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हते. विमा कंपनीने आजोबांना भरपाई दिली आणि ती रक्कम गाडीचा मालक म्हणून माझ्याकडून वसूल केली. त्यात चूक काही नव्हती. मी शिकवणी वाढवली, बहिणीने मला न विचारता तिच्या पाटल्या मोडल्या. पैसे फिटले. पण मी आजोबांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. ‘‘तुम्ही गाडी शिकवता ना हो?’’ त्याला मी उत्तर देऊ शकलो नाही. भाच्याने त्यानंतर पंचविशीपर्यंत गाडीला हात लावला नाही. लोक म्हणायचे, पोराने चूक केली. चूक त्याची नव्हती. किल्ली मी दिली होती.

आज तसे घडले असते, तर कायदाही हेच म्हणाला असता. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून १९९-अ हे नवे कलम लागू झाले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘मला माहीतच नव्हतं’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर. मुलाकडे लर्निंग असेल आणि त्याच प्रकारची गाडी तो चालवत असेल, तर पालकांना यातून सूट आहे. पण मघाशी सांगितले ते आठवा. सोळाव्या वर्षीचे लर्निंग ५० सीसीचे. ११० सीसीच्या गाडीला ती सूट लागू होणार नाही. याशिवाय लायसन्स नसताना चालवणारा आणि तशा माणसाला गाडी देणारा, या दोघांनाही प्रत्येकी पाच हजारांचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. मोटार अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा आरोप झाला आणि त्याच्या वडिलांवरही गुन्हा नोंदला गेला. तेव्हा आपण सगळे संतापलो. श्रीमंतांची पोरे, महागडी गाडी, असे बोललो. पण त्याच आठवड्यात आपल्या कॉलनीतली किती पोरे बापाची गाडी घेऊन क्लासला गेली, हे कोणी मोजले नाही. गाडीची किंमत कमी असली म्हणून धडक हलकी बसत नाही.

विम्याबद्दल एक चांगली गोष्टही सांगतो. शिकाऊ लायसन्स हेसुद्धा लायसन्सच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग यांच्या खटल्यात म्हटले. ‘चालक फक्त शिकाऊ होता’ एवढ्या कारणाने विमा कंपनीला हात झटकता येत नाहीत. म्हणजे कायदा शिकणाऱ्याच्या विरुद्ध नाही. उलट, रीतसर शिकणाऱ्याच्या तो पाठीशी उभा आहे. तो विरुद्ध आहे न शिकता रस्त्यावर येणाऱ्याच्या, आणि त्याला येऊ देणाऱ्याच्या.

आपल्या बोलीत आपण ‘लायसन्स काढतो’ म्हणतो, जसा दाखला काढतो किंवा तिकीट काढतो. काढले की काम झाले. मला वाटते, तिथेच घोटाळा आहे. लायसन्स काढायचे नसते, ते कमवायचे असते, आणि ते घरातल्या मोठ्यांच्या देखरेखीखाली.

म्हणून घरोघरच्या आई-वडिलांना, काकांना आणि विशेषतः मामांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलगा हट्ट करेल, रुसेल, ‘सगळे मित्र चालवतात’ म्हणेल. त्याला सायकल द्या, एसटीचा पास काढून द्या, चार दिवस स्वतः सोडायला जा. अठरा पूर्ण झाले की लर्निंग काढा, गाडीला पाटी लावा आणि महिनाभर रोज अर्धा तास त्याच्या शेजारी बसा. तो अर्धा तास फुकट जात नाही. पोराशी इतके बोलणे एरवी होते तरी कुठे?

आणि तोवर किल्ली उशाखाली असेल तर उशाखालीच राहू द्या. माझी स्कूटर मी केव्हाच विकली. गिऱ्हाइकाला दुसरी किल्ली दिली. ती एक मात्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. कुठल्याही गाडीला लागत नाही. पण कोणी ‘एक चक्कर मारून येतो’ म्हणाले, की मी तो खण उघडून बघतो.